जड गोळी आणि नळीचा पीळ: .२२३ साठी ट्विस्ट कसा निवडावा

.२२३ ची रायफल घ्यायची ठरली की नवखा माणूस नळीची लांबी बघतो, स्कोप बघतो, किंमत बघतो. नळीवर बारीक अक्षरांत कोरलेला पिळाचा (ट्विस्टचा) आकडा, १/७, १/८ किंवा १/९, त्याच्या नजरेतून सुटतो. पुढे ७७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी चालवायची वेळ येते आणि टार्गेटवर गोल भोकाऐवजी आडवी फट दिसते. गोळी नाकाने न शिरता कुशीवर आदळली की अशी फट पडते, नेमबाज तिला कीहोल म्हणतात. तेव्हा कुठे त्या आकड्याकडे लक्ष जातं.

हा लेख अमेरिकेत राहून सर्व्हिस रायफल (सैन्याच्या रायफलीसारख्या रायफलीची स्पर्धा) किंवा तत्सम लांब पल्ल्याच्या नेमबाजीकडे वळणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रात आपण पाहिलेली नेमबाजी बहुतेक एअर रायफल आणि .२२ ची. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, ते याच .२२ वर. तिथे गोळी ठरलेली, साधारण ४० ग्रेनची, आणि पीळही बहुतेक १६ इंचांच्या आसपास. निवडायला फारसं काही नसतं. .२२३ मध्ये मात्र ४० पासून ९० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मिळतात आणि एकच नळी त्या सगळ्यांना पुरत नाही.

खरेदीआधी एक गोष्ट. तुम्ही एच-१बी किंवा दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही आडकाठी नाही. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे. ‘मित्राने घेतली, मग मीही घेतो’ असं करू नका, आधी वकिलाला विचारा. इथली चूक थेट इमिग्रेशनच्या फायलीत जाते.

आधी पीळ समजून घ्या

नळीच्या आत गोल गोल फिरत जाणाऱ्या खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्यांत घट्ट बसून पुढे सरकते आणि सरकता सरकता स्वतःभोवती फिरायला लागते. १:९ (नळीवर १/९) म्हणजे नऊ इंच पुढे जाताना एक पूर्ण फेरा. आकडा जितका लहान तितका पीळ घट्ट: १:७ घट्ट, १:१२ सैल. नवख्यांचा इथेच उलटा समज होतो, म्हणून दोनदा वाचा.

फिरवायचं कशाला? टोकदार गोळीचा जडपणा मागच्या बाजूला असतो आणि हवेचा रेटा त्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला लागतो. म्हणजे हवा सतत नाक मागे लोटून गोळी उलटवायला बघते. वेगाने फिरणारा भोवरा जसा आरीवर उभा राहतो तशी फिरणारी गोळी आपलं नाक पुढे धरून ठेवते. आणि भोवरा जितका उंच आणि सडपातळ, तितका जोर दोरीला जास्त लावावा लागतो.

या ‘उंच’पणातच सगळी गोम आहे. पीळ ठरतो तो गोळीच्या लांबीवर, वजनावर नव्हे. कॅलिबर तेच राहिलं की वजन वाढवायला लांबीच वाढवावी लागते, म्हणून लोक सोयीने ‘जड गोळीला घट्ट पीळ’ म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं, पण जिथे फसतं तिथे पुरतं फसतं. अमेरिकन सैन्याची ६२ ग्रेनची एम८५५ ही गोळी घ्या. तिच्यात शिशासोबत पोलादी टोक आहे आणि पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून तिची लांबी ०.९ इंचांच्या घरात जाते. सिएरा कंपनीची ६९ ग्रेनची मॅचकिंग ही स्पर्धेची गोळीही साधारण तेवढीच. वजनात सात ग्रेनचा फरक, पण नळीच्या दृष्टीने दोघी सारख्याच. निव्वळ तांब्याच्या शिकारी गोळ्यांचंही तेच. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. डब्यावरचं वजन बघून पीळ ठरवला तर इथे हमखास गफलत होते.

कंपन्याही यात फसल्या आहेत. १९५५ मध्ये विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ बाजारात आणलं. दोन्हींची गोळी ६ मिलिमीटरचीच. विंचेस्टरने १:१० पीळ दिला आणि १०० ग्रेनची गोळी हरणांसाठी विकली. रेमिंग्टनने हलक्या गोळ्या डोळ्यासमोर ठेवून १:१२ दिला. १०० ग्रेनच्या टोकदार गोळ्या त्या नळीत भरवशाने स्थिर राहीनात, आणि गिऱ्हाइकाला एकाच रायफलीत दोन्ही कामं हवी होती. .२४४ मागे पडलं. पुढे १९६३ मध्ये तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन या नावाने, १:९ पिळासह पुन्हा आणलं गेलं, पण तोवर .२४३ ने बाजार काबीज केला होता. काडतूस चांगलं होतं, पीळ नडला.

तुमच्या नळीचा पीळ मोजा

एआर जातीच्या (एम१६ सारख्या, पण नागरी) रायफलीवर पीळ बहुधा नळीवरच, तोंडाजवळ किंवा गॅस ब्लॉकच्या आसपास कोरलेला असतो: ‘५.५६ नेटो १/७’ असा. शेजारी ५.५६ लिहिलंय की .२२३, तेही बघून ठेवा. .२२३ चेंबरच्या (चेंबर म्हणजे काडतूस बसतं ती जागा) रायफलीत ५.५६ ची, म्हणजे तशाच मापाची सैनिकी, काडतुसं चालवायची नाहीत, दाब जास्त होतो.

कोरलेला आकडा दिसत नसेल, किंवा रायफल जुनी घेतली असेल, तर स्वतः मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. मॅगझिन काढा, चेंबर उघडून डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा. काडतुसांचा डबा त्या खोलीत नकोच. एआर असेल तर वरचा भाग वेगळा करून बोल्ट बाहेर काढा. आता मूठ मोकळी फिरणारा क्लीनिंग रॉड घ्या, टोकाला जॅग (कापड धरणारं टोक) लावून त्यावर कापडाची चकती घट्ट बसेल अशी बसवा आणि चेंबरच्या बाजूने आत ढकला. चकती सैल असेल तर ती खाचांवरून घसरत जाते आणि मोजमाप खोटं येतं. ढकलताना हाताला सारखा, जरासा चिवट विरोध जाणवला पाहिजे.

चकती खाचांत नीट बसली की रॉडवर, मुठीच्या पुढे, चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा, वर तोंड करून. नळीच्या मागच्या कडेशी रॉडवर पेनने खूण करा. मग सावकाश ढकला. झेंडा फिरत फिरत पुन्हा वर आला की थांबा, कडेशी दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा पीळ. तीन-चार वेळा करून सरासरी घ्या. कोरलेला आकडा आणि मोजलेला पीळ यांत थोडा फरक निघू शकतो, आणि काठावरच्या गोळीसाठी तो थोडा फरकही महत्त्वाचा असतो.

आता हिशोब

१८७९ मध्ये ब्रिटिश गणितज्ञ आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी पीळ काढायचं सोपं सूत्र दिलं: गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी. वेग २८०० फूट प्रति सेकंदाच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० धरतात. ७७ ग्रेन मॅचकिंगची लांबी जवळजवळ १ इंच, व्यास ०.२२४ (.२२३ हे नुसतं काडतुसाचं नाव). १८० धरून उत्तर ९ येतं, १५० धरून साडेसात. म्हणजे अंदाज कळतो, निर्णय होत नाही. ही गोळी पावणेतीन हजारांच्या आसपास जाते, मग १८० धरायचे की १५०?

म्हणून मिलरचं सूत्र वापरा. डॉन मिलर यांचं हे सूत्र थेट स्थिरतेचा आकडा देतं आणि आज बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटर त्यावरच चालतात. स्थिरता काढायची तर ३० ला गोळीच्या ग्रेनमधल्या वजनाने गुणायचं आणि त्याला चार गोष्टींच्या गुणाकाराने भागायचं. त्या चार अशा: पिळाच्या इंचांचा वर्ग, गोळीचा इंचातला व्यास, गोळीची लांबी भागिले व्यास, आणि त्याच भागाकाराच्या वर्गात १ मिळवून आलेली संख्या.

७७ ग्रेन आणि १:९ नळीसाठी करून बघू. लांबी भागिले व्यास: १ ÷ ०.२२४ = ४.४६. त्याचा वर्ग १९.९, अधिक १ म्हणजे २०.९. खालचा गुणाकार: ८१ × ०.२२४ × ४.४६ × २०.९, साधारण १६९०. वर ३० × ७७ = २३१०. भागाकार १.३७. वेगाची बारीक दुरुस्ती धरून १.३६ म्हणा.

१ च्या खाली गोळी उलटते. १ ते १.५ मधला पट्टा काठावरचा. तिथे गोळी उलटणार नाही, भोकंही गोल दिसतील, पण उडताना ती किंचित डुलते, हवेचा अडथळा वाढतो आणि डब्यावर लिहिलेला बॅलिस्टिक कोइफिशंट (गोळी हवा किती सहज कापते त्याचा आकडा) पदरात पडत नाही. गोळ्या बनवणारी बर्जर कंपनी किमान १.५ धरायला सांगते. मीही तोच आकडा धरतो. १०० यार्डांवर काठावरची गोळी छान ग्रुप (जवळजवळ पडलेली भोकं) देते आणि माणूस निर्धास्त होतो, मग ६०० यार्डांवर गणितापेक्षा खाली लागायला लागते आणि तो दोष स्कोपला देतो.

तीच ७७ ग्रेनची गोळी १:८ मध्ये १.७ वर जाते, १:७ मध्ये २.२ च्या पुढे, आणि १:१२ मध्ये ०.७६ वर येते. ६९ ग्रेन १:९ मध्ये साधारण १.६५, म्हणजे चोख. ८० ग्रेनच्या गोळ्या १.०७ इंचांच्या आसपास लांब, त्यांना १:८ मध्ये १.५ च्या जरा खाली आणि १:७ मध्ये १.९ मिळतात.

लांबी स्वतः कॅलिपरने मोजा. पाच गोळ्या मोजून सरासरी धरली की पुरे. प्लास्टिकच्या टोकाची गोळी असेल तर ते टोक लांबी दाखवतं पण त्यात वजन नसतं, म्हणून साधं सूत्र तिला आहे त्यापेक्षा डळमळीत ठरवतं. चांगल्या कॅल्क्युलेटरमध्ये टोकाच्या लांबीचा वेगळा रकाना असतो, तो भरा.

वेग वाढवून स्थिरता मिळवायच्या नादाला लागू नका. सूत्रात वेगाचं घनमूळ येतं. स्थिरता १० टक्के वाढवायला वेग ३३ टक्के वाढवावा लागेल, तो मिळणार नाही, आणि दारू वाढवून मिळवायला गेलात तर रायफल फुटेल, तुम्हीही जखमी व्हाल. पिळाचा मात्र वर्ग येतो: १:९ वरून १:८ ला गेलात की तेवढ्यानेच २७ टक्के वाढ. आणि काडतुसं घरी भरत असाल तर जड गोळीला तिचाच डेटा मॅन्युअलमधून बघा, हलक्या गोळीचं माप तिला लावायचं नाही.

हवामान धरल्याशिवाय हिशोब अपुरा

वरचे आकडे समुद्रसपाटीवरच्या, ५९ अंश फॅरनहाइट हवेचे आहेत. थंड हवा दाट असते आणि गोळीला उलटवायला जास्त जोर लावते. अमेरिकन सैन्याच्या एम१६ रायफलीचा पहिला पीळ १:१४ होता, गोळी ५५ ग्रेनची. मिलरच्या हिशोबाने ती जोडी साध्या हवेतही जेमतेम १ वर येते. अतिथंड हवेतल्या चाचण्यांत, उणे ६५ अंश फॅरनहाइटच्या आसपास, गोळ्या डळमळल्या आणि १९६३ मध्ये पीळ १:१२ केला गेला. त्या तापमानाला स्थिरता जवळजवळ पाव भागाने घटते, हे ध्यानात घेतलं की त्या बदलाचं कारण कागदावरच दिसतं.

आपल्या ७७ ग्रेन आणि १:९ कडे परत. तुमची रेंज मिनेसोटात असेल आणि डिसेंबरात पारा शून्य फॅरनहाइटला टेकला, तर १.३६ चे १.२ होतात. तीच जोडी डेन्व्हरला, समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर, विरळ हवेत १.६ च्या वर जाते. एकाच दुकानातून एकच रायफल घेतलेल्या दोघा मित्रांपैकी डेन्व्हरचा म्हणेल ‘१:९ मध्ये ७७ झकास चालते’, मिनेसोटाचा म्हणेल ‘अजिबात नाही’. दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून कुणाचा सल्ला ऐकताना तो कुठे आणि कुठल्या महिन्यात नेमबाजी करतो ते आधी विचारा.

कॅल्क्युलेटरमध्ये हवेचा दाब भरताना एक मेख आहे. हवामानाच्या अ‍ॅपमधला दाब समुद्रसपाटीला बदलून दिलेला असतो. डेन्व्हरलाही तो ३० इंचांच्या आसपास दाखवतो, प्रत्यक्षात तिथे २४.६ च्या आसपास असतो. रेंजवरचा खरा दाब, ज्याला स्टेशन प्रेशर म्हणतात, तो भरा. किंवा दाब सोडून फक्त उंची भरायची सोय असेल तर ती वापरा. आणि तापमान भरताना वर्षातली सगळ्यात थंड सकाळ धरा.

कुठली नळी घ्यावी

४० ते ५५ ग्रेन, बिळातले प्रेअरी डॉग (लहान प्राणी) किंवा नुसता सराव, एवढंच करायचं असेल तर १:९ भरपूर झाला, १:१२ ही चालतो. पण तुम्ही हा लेख वाचताय म्हणजे तुम्हाला जड गोळी हवी आहे, आणि मग खरी निवड १:८ आणि १:७ मध्येच.

ओहायोतल्या कॅम्प पेरीला, ईरी सरोवराच्या काठावर, १९०७ पासून नॅशनल मॅचेस भरतात. तिथली सर्व्हिस रायफलची रीत बघितली की निवड आपोआप कळते. २०० आणि ३०० यार्डांच्या रॅपिड (झटपट) फेऱ्यांत मॅगझिनमधून भरायचं असतं, तिथे ७७ ग्रेनची गोळी बसते. ६०० यार्डांवर एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये सोडतात, म्हणून ८० ग्रेनची, मॅगझिनमध्ये न मावणारी लांब काडतुसंही चालतात. एकाच नळीतून दोन्ही गोळ्या जायच्या असतात. त्यामुळे तिथल्या नेमबाजांकडे १:७, १:८ आणि मधल्या ७.७ च्या नळ्या दिसतात.

माझं मत विचाराल तर ७७ पर्यंतच जायचं असेल तर १:८, ८० वर डोळा असेल किंवा थंड प्रदेशात राहत असाल तर १:७. ९० ग्रेनच्या गोळ्यांना १:७ किंवा त्याहून घट्ट पीळ लागतो, नवख्याने तिकडे इतक्यात वळू नये.

‘घट्ट पीळ हलक्या गोळ्या बिघडवतो’ असं जुने नेमबाज सांगतात. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. ३२०० फुटांनी निघालेली गोळी १:७ नळीत मिनिटाला ३ लाख २९ हजार फेरे घेते. इतक्या गिरकीत पातळ सालीच्या वार्मिंट (लहान उपद्रवी प्राण्यांसाठीच्या) गोळ्या वाटेतच फुटू शकतात, टार्गेटपर्यंत पोचतच नाहीत. स्वस्त गोळीतला जडपणा एका बाजूला कलला असेल तर तो दोषही घट्ट पिळात जास्त उठून दिसतो आणि ग्रुप थोडा पसरतो. साध्या ५५ ग्रेनच्या फुल मेटल जॅकेट गोळ्या मात्र १:७ मधून रोज लाखोंनी उडतात. सैन्याने १९८० च्या दशकात एम१६ए२ ला १:७ दिला तो ६२ ग्रेनसाठी नव्हे, तर तिच्या जोडीच्या लांबलचक ट्रेसर (उडताना चमकत जाणाऱ्या) गोळीसाठी. ६२ ला १:९ पुरला असता. म्हणून शंका असेल तेव्हा घट्ट बाजूला झुका. पीळ जास्त झाला तर ग्रुप थोडा वाढेल, कमी पडला तर गोळी टार्गेट सोडून कुठेही जाईल.

रेंजवर खात्री करा

नवी गोळी पहिल्यांदा चालवताना २५ यार्डांवर मोठा, कोरा कागद लावा. गोळी सगळ्यात डळमळीत असते ती नळीतून निघाल्या निघाल्या, कारण पुढे वेग भराभर घटतो आणि गिरकी हळूहळू. पिळाचा दोष असेल तर तो जवळच्या टार्गेटवरच बहुतेक दिसतो. भोकांच्या कडा जवळून बघा. नीट गेलेल्या गोळीचं भोक गोल आणि भोवती सारखी राखाडी कड असते. कड एका बाजूला जाड किंवा भोक अंडाकार दिसलं तर गोळी तिरकी लागते आहे. तिथेच थांबा. सप्रेसर (नळीच्या तोंडावरचा, आवाज कमी करणारा नळकांडा) लावलेला असेल तर तो जड गोळीच्या पहिल्या चाचणीला काढून ठेवा. डुलणारी गोळी आतल्या पडद्यांना घासली तर सप्रेसर गेलाच, शेजारी उभा असलेल्यालाही धोका.

२५ वर गोल भोकं आली तर १०० वर जा, मग २०० वर. थंडीत आणि उन्हाळ्यात दोन्ही वेळा ही तपासणी करा, तापमान आणि उंची टार्गेटच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. हिशोबाने स्थिर असूनही भोकं लांबुळकी येत असतील तर पिळाला दोष देण्याआधी नळीचं तोंड तपासा. ते घासलेलं किंवा ठेचलेलं असलं, किंवा नळी आतून झिजलेली असली तरी अशीच भोकं पडतात.

आणि १:९ ची रायफल आधीच घरात असेल तर ती विकायची घाई करू नका. ६९ ग्रेनची मॅच गोळी तिच्यात १.६५ वर बसते, मिनेसोटाच्या थंडीतही जवळपास दीडवर राहते, आणि ६०० यार्डांपर्यंत शिकण्याइतकं सगळं तिच्यावर शिकता येतं. वाऱ्यात ती ७७ पेक्षा जरा जास्त सरकेल, एवढंच. ती नळी झिजेपर्यंत वापरा, पुढची १:८ ची मागवा.